मधल्या वाटीतली गोळी

योगेंद्र नारखेडे धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवतो, त्याला आता बावीस वर्षं होतील. औषध शरीरात जाऊन काय करतं आणि शरीर त्या औषधाचं काय करतं, एवढ्या दोन वाक्यांत तो पहिल्या दिवशी मुलांना आपला विषय सांगतो. मुलांना तो आवडतो. त्याच्या हाताने लिहिलेल्या नोट्सच्या झेरॉक्स शिरपूर-शहाद्यापर्यंत जातात, आणि प्रश्न कसाही फिरवून आला तरी नारखेडे सरांच्या नोट्समध्ये उत्तर सापडतं असं म्हणतात.

तो मूळचा असोद्याचा. घरची शेती, केळी आणि कापूस. वडील गेल्यापासून थोरला भाऊ समाधान सगळं बघतो आणि आई, मंजुळाबाई, त्याच्याजवळ राहते. धुळ्याहून असोद्याला यायचं म्हणजे जळगावला बस बदलून तीन तास सहज जातात. तरी योगेंद्र एक रविवार आड गावी येतोच. त्यात आईची ओढ होती हे खरं, पण आणखीही एक ओढ होती, आणि ती त्याने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केली नव्हती.

तो डॉक्टर नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच पटलेलं नाही. सर आले असं कळलं की नारखेड्यांच्या ओट्यावर बाया जमत. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, बाटलीच्या तळाशी राहिलेलं लाल औषध. ही कशाची, ही जेवणाआधी का नंतर, हिच्यानं चक्कर येते का. योगेंद्र चहाचा कप बाजूला ठेवून एकेक स्ट्रिप उचलायचा आणि सांगायचा. शेजारची तानुबाई सगळ्यांत पुढे. ती म्हणायची, "डाक्टर दोनशे घेतो आन् तोंडातून सबूद काढत नाही. आमचा सर फुकट बोलतो." योगेंद्र हसायचा. त्या ओट्यावर त्याला जेवढा मान मिळे तेवढा धुळ्याच्या स्टाफरूममध्ये कधी मिळाला नव्हता.

गेल्या वर्षी जानेवारीत मंजुळाबाईंचे हात सुजले. सकाळी उठून पाण्याचा तांब्या धरवेना. जळगावच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. एक मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून फक्त एकदा, रविवारी. दुसरी फॉलिक ॲसिडची, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून, बाकीचे सहा दिवस. दोन्ही पिवळ्या, दोन्ही लहान.

हे औषध योगेंद्रच्या शिकवण्यातलं. दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचा: आठवड्यातून एकदा, रोज नाही. ती गोळी चुकून रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस दगावतोसुद्धा. मुलांकडून तो ही ओळ तीनदा वहीत लिहून घेत असे.

म्हणून घरात गोंधळ नको यासाठी त्याने स्वतः युक्ती काढली. मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असतात, सहा कडेने आणि एक मध्ये. त्याने जळगावहून नवा स्टीलचा डबा आणला. कडेच्या वाट्यांवर सोमवार ते शनिवार अशा पट्ट्या चिकटवल्या आणि मधली वाटी रविवारची. दर दुसऱ्या रविवारी तो स्वतः गोळ्या स्ट्रिपमधून काढून वाट्यांत घालायचा, प्रत्येक वाटीत दोन, म्हणजे दोन आठवड्यांची सोय. स्ट्रिपा कपाटात वरच्या खणात. वहिनीने, मेघाने, रात्री जेवणानंतर त्या वाराच्या वाटीतली एक गोळी सासूच्या हातावर ठेवायची, एवढंच काम. मेघा धरणगावची, बारावी शिकलेली. स्ट्रिपेवरचं नाव तिला सहज वाचता आलं असतं. पण ते तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही म्हटलं नाही.

पहिल्या चार वेळा सगळं नीट झालं.

दोन मार्चच्या रविवारी ओट्यावर नेहमीपेक्षा गर्दी होती. योगेंद्रने डबा आणि दोन्ही स्ट्रिपा तिथेच मागवल्या. बायांशी बोलत बोलत त्याचे हात गोळ्या काढत होते. तानुबाईच्या बहिणीला कुठलीशी साखरेची गोळी बदलून दिली होती, आणि जुनी व नवी यांत फरक काय हे तो सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगत होता. दोन्ही स्ट्रिपा मांडीजवळ उपड्या पडलेल्या. एकीतून दहा आणि तिच्याच जोडीच्या कापलेल्या तुकड्यातून दोन अशा बारा काढल्या, दुसरीतून दोन. त्या रात्रीची गोळी मागच्या खेपेची उरलेली होती, ती त्याने आईला आपल्या हाताने दिली आणि पहाटेच्या गाडीने तो धुळ्याला गेला.

सोमवारी रात्री मेघाचा फोन आला. कॉलेजात त्या आठवड्यात तपासणीची समिती येणार होती. योगेंद्र प्राचार्यांच्या खोलीत फायलींच्या ढिगासमोर बसला होता.

"भाऊजी, या वेळच्या गोळ्या जरा वेगळ्या वाटतात," मेघा म्हणाली. "मधल्या वाटीतली आधी मोठी असायची. आता मधली बारीक आहे आणि बाकीच्या मोठ्या आहेत."

"कंपनी बदलली असेल, वहिनी."

"तुम्ही एकदा बघता का? मी फोटो पाठवते."

"अहो, मी स्वतः भरलंय ना? तुम्ही डोकं चालवू नका. जसं ठेवलंय तसं द्या."

प्राचार्यांनी वर पाहिलं. योगेंद्र जरा हसून म्हणाला, "घरचे." मेघा पलीकडून "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

तेरा तारखेला होळी होती. मंजुळाबाईंनी पुरणपोळीचा घास तोंडात घेतला आणि तसाच ताटात काढून ठेवला. तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं म्हणाल्या. आमटीत मिरची किती घातली म्हणून मेघाला बोलल्या. मेघाने त्यांच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं तर जीभ आणि गाल आतून पांढरे, चरे पडलेले. रात्री ताप चढला. धुळवडीच्या सकाळी समाधानने त्यांना जळगावच्या दवाखान्यात नेलं, आणि दुपारपर्यंत योगेंद्रही पोहोचला.

रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी बाराशेवर आलेल्या. डॉक्टरबाईंनी तिघांना आत बोलावलं, समाधान, मेघा आणि योगेंद्र. त्यांनी औषधं विचारली. योगेंद्रने पहिल्याच दमात मेथोट्रेक्सेटचं नाव घेतलं, आणि यावर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडचं इंजेक्शन लागेल हेही तोच बोलला.

"बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही लक्षणं गोळी रोज गेल्याची आहेत. घरात औषध कोण देतं?"

समाधानने मेघाकडे पाहिलं. योगेंद्रनेही पाहिलं. त्या क्षणी त्याला खरोखरच वाटलं होतं की चूक तिचीच आहे. तो म्हणाला, "मी वारानुसार लावून दिलं होतं, मॅडम. घरी काहीतरी गडबड झाली असणार."

"मी भाऊजींना फोन..." मेघा बोलू लागली.

"तू आता गप बस," समाधान म्हणाला.

 बाहेर येताना तिने योगेंद्रकडे एकदा पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं. हा आता बोलेल, अशी वाट पाहणारं होतं.

सोळा तारखेला, रविवारी, आईची लुगडी आणि जुनी फाईल आणायला योगेंद्र असोद्याला गेला. मेघा मागच्या बाजूला भांडी घासत होती. त्याने कपाटाचा वरचा खण उघडला. दोन्ही स्ट्रिपा तिथे होत्या. त्याने त्या सुलट्या केल्या. फॉलिक ॲसिडच्या स्ट्रिपमधून ताज्या दोनच गोळ्या फुटलेल्या होत्या. मेथोट्रेक्सेटच्या अख्ख्या दहा गेलेल्या, आणि शेजारच्या कापलेल्या तुकड्यातल्या आणखी दोन.

त्याने डबा उघडला. शुक्रवार, शनिवार आणि मधली वाटी, तीन गोळ्या उरल्या होत्या. मधली बारीक, कडेच्या मोठ्या. जसं वहिनीने फोनवर सांगितलं होतं, अगदी तसं.

बावीस वर्षं तो या औषधाची रचना फळ्यावर काढत होता. कुठल्या एन्झाइमला ते कसं अडवतं हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण स्ट्रिपेबाहेर काढलेली ती गोळी त्याने नीट निरखून कधी पाहिलीच नव्हती. गोळी पाहिली होती ती धरणगावच्या बारावी शिकलेल्या बाईने.

पुढे जे त्याने केलं ते आठवलं की आजही त्याचे कान तापतात. त्याने दोन्ही स्ट्रिपा खिशात घातल्या. डब्यातल्या तीन गोळ्या कागदात बांधून त्याही घेतल्या. रिकामा डबा पुसून फळीवर ठेवला. लुगड्यांची पिशवी उचलून वळला तर मेघा दारात उभी होती, हात ओले.

"सापडली का फाईल?" तिने विचारलं.

"सापडली," तो म्हणाला.

ती बाजूला झाली आणि त्याला जाऊ दिलं. जळगावच्या बसस्टँडवर त्याने स्ट्रिपा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तो मनाला सांगत राहिला की आधी आई बरी होऊ दे, मग बघू.

आई बरी झाली. अकरा दिवसांनी, पंचवीस तारखेला, घरी आली. आणि मग बोलायची वेळ जी यायची ती रोज येत राहिली आणि रोज जात राहिली.

गावात गोष्ट कशी फिरली हे त्याला फोनवरूनच कळत होतं. सुनेने गोळ्या चुकवल्या. धाकट्याने डॉक्टरच्या आधी रोग ओळखला. तानुबाई म्हणाली, "शिकेल दीर नसता तं म्हातारी गेलीच व्हती." मंजुळाबाई मेघाच्या हातचं पाणीही घेईनात. औषध समाधान द्यायला लागला, तेही खिशाला कुलूप लावल्यासारखं सांभाळून. आणि समाधान बायकोशी बोलत नव्हता. जेवण वाढलं की ताट ओढून घ्यायचा.

तीस मार्चला गुढीपाडवा. योगेंद्र घरी आला होता. गुढी उतरवायच्या आधी धरणगावहून मेघाचे वडील, जीवराम आबा, आले. सत्तरीच्या पुढचा माणूस, धोतर, डोक्यावर टोपी, हातात द्राक्षांची पिशवी. ओट्यावर समाधान, तानुबाईचा नवरा आणि भाऊबंदातली दोन माणसं बसली होती. जीवराम आबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. ते सरळ योगेंद्रसमोर आले, टोपी काढून हातात घेतली.

"सर, मनी पोरनी चूक व्हयनी," ते म्हणाले. "तुम्ही होतात म्हणून माउली वाचनी. नाहीतर आम्ही तोंड कोठे दाखाडतूत. पोटमा घाला."

आणि ते वाकले. चोवीस वर्षांनी मोठा माणूस त्याच्या पायाशी वाकला. योगेंद्रने त्यांचे खांदे धरले, वर उचललं. आत्ता बोल, असं त्याला आतून कोणीतरी सांगत होतं. ओट्यावरची माणसं पाहत होती. उंबऱ्याच्या आत मेघा उभी होती, तिचा पदर तेवढा दिसत होता.

तो म्हणाला, "असू द्या, आबा. झालं गेलं."

समाधान म्हणाला, "बसा, आबा." जीवराम आबा बसले नाहीत. पाडव्याच्या दिवशी लेकीच्या घरी आलेला बाप उभ्या उभ्या पाणी न घेता परत गेला, आणि द्राक्षांची पिशवी ओट्यावर तशीच राहिली.

असू द्या. त्या दोन शब्दांनी त्याने चूक दुसऱ्यांदा तिच्या पदरात बांधली होती, आणि या वेळेस अजाणता नव्हे. शिवाय क्षमा केल्याचा मोठेपणाही घेतला होता. त्या रात्री धुळ्याला परतताना बसच्या काचेत आपला चेहरा दिसू नये म्हणून तो पलीकडच्या बाजूला तोंड करून बसला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजात चाचणी झाली. प्रश्नपत्रिका त्याने फेब्रुवारीत काढून दिलेली होती. चौथा प्रश्न असा होता: अडुसष्ट वर्षांच्या बाईला मेथोट्रेक्सेट दिल्यावर दहा दिवसांत तोंडात फोड आले, पेशी उतरल्या, कारण व उपाय लिहा. हा त्याचा जुना आवडता प्रश्न. त्याच्या नोट्समध्ये त्याचं उत्तर होतं, आणि त्या उत्तराची पहिली ओळ त्यानेच दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेली.

अठ्ठावन्न पेपर. तो प्रयोगशाळेतल्या टेबलाशी तपासायला बसला. पहिल्या पेपरात चौथ्या प्रश्नाखाली लिहिलं होतं: कारण, घरातील कमी शिकलेल्या व्यक्तीकडून झालेला गोंधळ. दुसऱ्या पेपरात तेच. तिसऱ्यात तेच. मुलांनी इंग्रजीत लिहिलं होतं, कुणाचं स्पेलिंग चुकलेलं, कुणी खाली दोनदा रेघ मारलेली, कारण सर वर्गात रेघ मारायला सांगत. औषध लावून देणारा चुकू शकतो, असं एकानेही लिहिलं नव्हतं. लिहिणार तरी कसं? शिकवलंच नव्हतं.

प्रयोगशाळेतला आधारभाऊ भांडी पुसत होता. हा शिंदखेड्याकडचा, योगेंद्रपेक्षा वयाने मोठा, आणि त्याची जीभ कोणाला घाबरत नसे. त्याने दोनदा येऊन पाहिलं.

"सर, येकच पेपर तासभर धरीसन बठेल शेतस. पोऱ्यानी इतलं चांगलं लिखं का?"

"सगळ्यांनी सारखंच लिहिलंय, आधारभाऊ."

"मंग कॉपी व्हयनी."

"हो," योगेंद्र म्हणाला. "माझीच केलीय."

आधारभाऊला त्यात थट्टा वाटली, तो हसत निघून गेला. योगेंद्रने लाल पेन उचललं. या ओळीला दोन मार्क होते. द्यावे तर खोट्याला सही केल्यासारखं, न द्यावे तर मुलांचा काय गुन्हा? तो त्या ओळीवर अठ्ठावन्न वेळा थांबला आणि अठ्ठावन्न वेळा त्याने दोन मार्क दिले. शेवटचा पेपर मिटला तेव्हा त्याला कळलं की आता आपल्याला असोद्याला गेल्यावाचून सुटका नाही.

वीस तारखेला, रविवारी, तो सकाळीच पोहोचला. मेघा मागच्या दारी लिंबाखाली गहू पाखडत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. बसमध्ये जुळवलेली वाक्यं त्याला एकही आठवेना.

"वहिनी, चूक माझी होती. मी वाट्या उलट्या भरल्या."

सूप थांबलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली.

"तुम्ही फोन केला होता. मी ऐकलं नाही."

"तेही माहीत आहे." तिने एक खडा निवडून बाजूला टाकला. "स्ट्रिपा नेल्यात तेव्हा मी मोरीच्या खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, दवाखान्यात दाखवायला नेताहेत. मी दोन आठवडे वाट पाहिली. मग पाडवा झाला."



"तुम्ही तरी दादाला का नाही सांगितलं?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला त्या प्रश्नाची लाज वाटली.

"सांगितलं. म्हणाले, एवढा शिकलेला माणूस चुकेल का? आता तुम्ही मला एकटीला सांगून काय होणार, भाऊजी? मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा." सूप खाली ठेवून तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "माझे आबा तुमच्या पायाशी वाकले. मी आतून बघत होते. तुम्ही म्हणालात, असू द्या."

आत मंजुळाबाई खाटेवर बसल्या होत्या, समाधान शेतावर जायच्या तयारीत. योगेंद्रने दोघांना सांगितलं. सगळं सांगितलं, उपड्या स्ट्रिपा, फोन, कचऱ्याचा डबा. सांगताना त्याचा आवाज वर्गात असतो तसा सरळ राहिला नाही.

 मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "हयू बोल. कोनी आयकलं तं?"

"ऐकू दे ना, आई."

"तुले येड लागलं का? गावात लोकं तुले देव मानतात. कालेजात कयलं तं तुही नोकरी जाईन. माह्या जिवाले काय झालं? मी जित्ती हाये ना? मंग झालं तं. सुनीनंच चुकवलं म्हनू, तिचं काय जाते?"

तिचं काय जाते. मरता मरता वाचलेली आई, आणि तिला हा हिशेब एवढा सोपा वाटत होता. हा हिशेब आपणही महिनाभर मांडत होतो, फक्त तोंडाने म्हटलं नव्हतं, हे योगेंद्रला कळलं. आईवर रागावण्याचा हक्कही त्याला उरला नव्हता.

समाधान जोडे घालता घालता थांबला होता. तो म्हणाला, "पाच हप्ते झाले. मी तिच्याशी बोललो नाही, योगू. पाच हप्ते." मग एक जोडा पायात, एक हातात, असा तो तसाच मागच्या दारी गेला. लिंबाखालून त्याचा आवाज आला नाही, मेघाचाही आला नाही. पण तो लवकर परतलाही नाही.

ओट्यावर बाया यायला लागल्या होत्या. तानुबाई पिशवी घेऊन पायरीवर टेकली. योगेंद्र उभ्यानेच बोलला. आईच्या गोळ्या मी चुकवल्या, वहिनीने मला विचारलं होतं, मी तिला गप्प केलं. आणि महिनाभर खोटं चालू दिलं.

 एकीने पदर सावरला. तानुबाई आपल्या पिशवीकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहत होती.

"म्हंजे मागच्या खेपेले माही रगताची गोयी तू बंद करून टाक म्हने, ते बी..." ती म्हणाली.

"ते बरोबर होतं, तानुकाकू. पण तुम्ही डॉक्टरांना एकदा विचारा."

"इचारतेच," तानुबाई म्हणाली. पिशवीची गाठ आणखी आवळून ती उठली. जाताना आत डोकावून मोठ्याने बोलली, "व मेघा, दळनाले येतीस का मांगून? मी थांबते तुह्यासाठी." बाकीच्या बायाही एकेक करून गेल्या. त्या दिवशी एकाही पिशवीची गाठ सुटली नाही.

दुपारी त्याने जळगावहून धरणगावची बस धरली. ऊन असं होतं की बसच्या दांड्याला हात लागत नव्हता. जीवराम आबांचं घर बाजाराच्या मागे. ते दारातच बाजेवर पडले होते. त्याला पाहून घाईने उठले, टोपी शोधू लागले.

"सर, तुम्ही? पोर बरी शे ना?"

"बरी आहे, आबा. तुम्ही बसा. मी उभा राहतो."

त्याने सांगितलं. चौथ्यांदा सांगताना सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. सोपं गेलं नाही. सांगून झाल्यावर तो वाकला आणि म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. जीवराम आबांनी पाय मागे घेतले नाहीत, त्याला उठवलंही नाही. तो आपणच उठला.

 आबांनी आत हाक मारली, "कुंदा, बाहेर ये." मेघाची आई, कुंदाबाई, पिठाचे हात घेऊन बाहेर आली. आबा योगेंद्रला म्हणाले, "आते परत सांगा. हिना समोर."

योगेंद्रने परत सांगितलं. कुंदाबाई ऐकता ऐकता हाताचं पीठ बोटांनी काढत होती. तो थांबला तरी तिचं ते काढणं चालूच होतं.

"तिनी माले सांगेल व्हतं," ती अखेर म्हणाली. ती योगेंद्रशी बोलत नव्हती, नवऱ्याशीही नाही. "दवाखानामाईन फोन करा तिनी. रडे. म्हने, आई, मी विचारेल व्हतं भाऊजीसले. मी म्हनं, सर खोटं कसाले बोलतीन? तूच चुकनी व्हशीन. मी तिनी माय, आन् मी असं म्हनं."

जीवराम आबांनी मान खाली घातली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, जशी पाडव्याच्या दिवशी हातात घेतली होती. इथे लाज वाटायला हवी होती ती एका माणसाला, आणि ती या दोघांना वाटत होती. त्यांच्या वाटणीची तरी आपण परत घ्यावी असं योगेंद्रला वाटलं. पण ती परत घेण्यासारखी वस्तू नव्हती.

कुंदाबाईने पदराला हात पुसले आणि कोनाड्यातला फोन घेतला. मेघाचा नंबर लावून ती आत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. पलीकडे कोणीतरी फोन उचलला असावा, कारण ती "हा, मीच" म्हणाली.  आबा आणि योगेंद्र दोघेही दाराकडे न बघता ऐकत होते.

उन्हं अजून रस्त्यावर होती, चार वाजून गेले होते, जेवणाची वेळ केव्हाच टळलेली होती.

"जेवनी का व माय?" आतून कुंदाबाईचा आवाज आला. मग पुन्हा, आणखी हळू, "जेवनी का तू?"